मानसशास्त्रात बी.ए. : खान्देशातल्या मुलामुलींचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कधी पारोळ्याहून, कधी शिरपूर-शहाद्याहून, कधी यावलच्या कुणा नातेवाइकाच्या ओळखीतून. "ताई, सायकॉलॉजी घेऊ का?" मी स्वतः पारोळा तालुक्यातल्या एका गावातून एसटीने ये-जा करून हा विषय शिकले, पुढे एम.ए. केलं आणि आता समुपदेशक म्हणून काम करते. प्रश्न दरवर्षी तेच असतात आणि फोनवर घाईत निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून या वेळी बसून सगळं लिहून काढलं.

मानसशास्त्र शिकलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?

नाही येत. लग्नकार्यात कुणाला कळलं की ही मानसशास्त्र शिकते, तर कुणीतरी हमखास हात पुढे करतं, "सांग बरं माझ्या मनात काय चाललंय?" हस्तरेषा आणि हा विषय यांचा काही संबंध नाही. पहिल्या वर्षात तुम्ही शिकता ते वेगळंच. आपण माणसांबद्दल झटकन जे ठरवून टाकतो ते किती वेळा चुकतं आणि ते तपासून कसं बघायचं, हे कळायला लागतं. या विषयाने मला सगळ्यात आधी ते दिलं आणि आजही ते रोज कामाला येतं.

बारावीला सायन्स होतं, मानसशास्त्र नव्हतं. प्रवेश मिळेल का?

मिळतो. बी.ए.ला कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेची बारावी चालते आणि अकरावी-बारावीला हा विषय असण्याची अट नसते. सायन्सवाल्यांना एक फायदाच होतो. मज्जापेशी, मेंदूचे भाग, अंतःस्रावी ग्रंथी हा भाग त्यांना ओळखीचा असतो आणि बाकीचे तिथेच अडखळतात. फक्त 'नीटमध्ये गुण कमी पडले, डॉक्टर नाही तर निदान मनाचा डॉक्टर होईन' एवढ्यावरच निर्णय घेऊ नका. त्या वाटेबद्दल पुढे लिहिलं आहे, ते वाचून ठरवा.

तीन वर्षं की चार? आणि हे मेजर-मायनर काय असतं?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तुमचा मुख्य विषय म्हणजे मेजर, सोबतचा दुय्यम विषय म्हणजे मायनर. तीन वर्षं पूर्ण केली की पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तीन वर्षांची पदवी घेतलेल्याला एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांची घेतलेल्याला एक वर्षाचं.

मधेच सोडावं लागलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळण्याची सोय आहे. पण या विषयात दोन वर्षांच्या पदविकेवर कोणी काम देत नाही. घरी अडचण आली, वर्ष वाया जायची वेळ आली तर ही सोय आधाराची आहे. सुरुवातच तेवढं मनात धरून करू नये.

कॉलेज कसं निवडू?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं. त्याआधी खान्देशातल्या मुलांची पदवी पुणे विद्यापीठाची असायची. आजही कितीतरी जण "पुण्यालाच जायला हवं" म्हणतात. पदवीपुरतं तरी मला तसं वाटत नाही. घरून डबा घेऊन शिकता येत असेल तर शिका, एम.ए.ला बाहेर पडा.

मात्र जवळचं कॉलेज आहे म्हणून डोळे झाकून फॉर्म भरू नका. आधी विचारा, की मानसशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून मिळतं का. काही ठिकाणी हा विषय पहिल्या वर्षी एका पेपरापुरता असतो आणि पुढे विद्यार्थी कमी म्हणून बंद होतो. मग मुलं नाइलाजाने दुसऱ्या विषयात पदवी घेतात आणि एम.ए.च्या दारात येऊन अडकतात. दुसरं, शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की दरवर्षी तासिका तत्त्वावर बदलणारे. तिसरं, प्रयोगशाळा प्रत्यक्ष बघा. "मॅडम, कपाट उघडून दाखवता का?" म्हणायला लाजू नका. चाचण्यांच्या पेट्यांवर धूळ आहे की मुलांच्या हातांचे ठसे, ते पाहिलं की बरंच कळतं.

हे इतकं आग्रहाने सांगते, कारण माझ्या वाट्याला उलटं आलं. मी शिकले तिथे दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेला बहुतेक वेळ कुलूपच असायचं. आम्ही आदल्या वर्षीच्या मुलींच्या प्रयोगवह्या आणून जशाच्या तशा उतरवल्या. परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी माझी वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या प्रयुक्ताने पहिल्या प्रयत्नात इतक्या चुका केल्या आणि दुसऱ्यात एकदम निम्म्या. असं का झालं असेल?" मला उत्तर देता येईना. ते आकडे कुण्या दुसऱ्याच मुलीच्या प्रयोगाचे होते. तो माणूस मी पाहिलाच नव्हता. मॅडम रागावल्या नाहीत, वही मिटून परत दिली. ती शांतता मला अजून आठवते. तिसऱ्या वर्षी मी प्रत्येक प्रयोग घरी करून पाहिला.

घरी प्रयोग? म्हणजे वर्गात नेमकं शिकवतात तरी काय?

सामान्य मानसशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, बाळ गर्भात असल्यापासून म्हातारपणापर्यंतचा विकास, मानसिक विकार, संख्याशास्त्र, संशोधनाच्या पद्धती आणि प्रात्यक्षिकं. विद्यापीठागणिक पेपरांची नावं बदलतात, गाभा हाच राहतो.

प्रात्यक्षिकांत ज्याच्यावर प्रयोग करतात त्याला प्रयुक्त म्हणतात. स्मरणशक्ती, अवधान, दृष्टिभ्रम, आरशात बघून गिरवणं असे प्रयोग असतात. यातल्या शेवटच्याला फार काही लागत नाही. मी भिंतीवरचा आरसा काढून ताटाला टेकवून उभा केला. पुठ्ठ्याचा आडोसा असा लावला की हात दिसू नये, फक्त आरशातलं प्रतिबिंब दिसावं. खाली दुहेरी रेघांची चांदणी काढलेला कागद. माझी आई प्रयुक्त. आमच्या घरी पुरणाचे मांडे तीच करते. हातावर फिरवत फिरवत मांडा एवढा मोठा करते आणि फाटू न देता खापरावर टाकते. इतका सरावलेला हात, पण चांदणीच्या पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल थबकली. आई वर न्यायला बघे, रेघ खाली जाई. "मन्हा हात मन्हं ऐकतच नही," ती म्हणाली. दहाव्या प्रयत्नापर्यंत वेळही कमी झाला आणि चुकाही. मग मी पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली. त्या हाताने एकदाही सराव केला नव्हता, तरी तो उजव्याच्या पहिल्या प्रयत्नापेक्षा बरा चालला. एका हाताने शिकलेलं दुसऱ्या हाताकडे जातं, हे पुस्तकात चार ओळींत होतं. आईच्या हातात पाहिल्यावर पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं. इथेही आकडे आहेत का?

आहेत. आणि ते टाळून हा विषय येत नाही. सरासरी, मध्यांक, प्रमाण विचलन, सहसंबंध, पुढे टी-चाचणी आणि काय-वर्ग. पण दहावीचं गणित जमलं असेल तर हे जमतं.

आपल्याकडे तर उदाहरण मळ्यातच आहे. समजा रावेरच्या दोन शेतकऱ्यांच्या केळीच्या घडांचं सरासरी वजन सारखंच, २० किलो भरलं. एकाचे सगळे घड १९ ते २१ किलोचे. दुसऱ्याचे काही १२ किलोचे, काही २८ चे. सरासरी सांगते की दोघे सारखे. व्यापारी बांधावर उभा राहिला की त्याला लगेच कळतं की सारखे नाहीत. घडाघडांतला हा फरक एका आकड्यात सांगायचा, त्याचं नाव प्रमाण विचलन. वर्गातल्या मुलांचे बुद्धिमापनाचे गुण असोत की चिंतेच्या चाचणीचे, हिशेब हाच.

माझं इंग्रजी कच्चं आहे आणि घरी अहिराणी बोलतो. जमेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो.

पदवीला मराठीतून उत्तरपत्रिका लिहिता येते आणि मराठी पाठ्यपुस्तकं आहेत. अडचण येते ती वेगळीच. मराठी पुस्तकांतले पारिभाषिक शब्द जड वाटतात आणि लेखकागणिक थोडे बदलतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक लहान वही करा. अभिसंधान म्हणजे कंडिशनिंग, प्रबलन म्हणजे रीइन्फोर्समेंट, अवधान म्हणजे अटेन्शन, असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहीत जा. एम.ए.ला आणि नेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला, इंग्रजी पुस्तकं वाचावीच लागतात. तेव्हा ही वही हाताशी असली की निम्मी धास्ती जाते. तिसऱ्या वर्षापासून रोज एक पान इंग्रजी वाचायची सवय लावा, समजो न समजो.

आता अहिराणीचं. एका ग्रामीण रुग्णालयात मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. पन्नाशीची एक बाई डोकेदुखीसाठी तिसऱ्यांदा आली होती, गोळ्यांनी उतार पडत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली. माझ्यासमोर छापील प्रश्नावली होती. मी वाचून विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत आपल्याला निरुत्साह किंवा उदासीनता जाणवली का?" तिने मान हलवली, नाही. "दैनंदिन गोष्टींत रस कमी झाल्यासारखा वाटतो का?" नाही. सगळ्याला नाही. प्रश्नावलीप्रमाणे बाईला काहीच झालं नव्हतं. मी कागद बाजूला ठेवला आणि घरी बोलते तसं विचारलं, "मावशी, झोप येस का?"

"झोप कोठली येस माय," ती म्हणाली. मग थांबलीच नाही. पोर सासरी गई तवयपाईन माले करमतच नही. जेवण गोड लागत नही. डोकामा मुंग्या चालतस. जीव घाबरा व्हस. पाच मिनिटांत प्रश्नावलीतली सगळी उत्तरं आली. बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या भाषेत उदासीनता नावाची वस्तूच नव्हती. करमत नव्हतं, ते होतं.

तेव्हा अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, गुजरी यातली जी भाषा घरची असेल ती लपवू नका. शहरातून आलेल्या, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या तज्ज्ञाला ती बाई 'नाही' म्हणाली असती आणि पुन्हा गोळ्या घेऊन घरी गेली असती. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांना तर मी हे आवर्जून सांगते. तुमच्या भाषेत मनाच्या दुखण्याला लोक काय काय म्हणतात, त्याची यादी पदवीच्या तीन वर्षांतच करायला घ्या.

पुस्तकातले सगळे प्रयोग परदेशातले. ते आपल्या माणसांना लागू पडतात का?

चांगला प्रश्न आहे, आणि मानसशास्त्रज्ञांनीही तो स्वतःला विचारला आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथून या विषयाचा वेगळा संसार सुरू झाला असं मानतात. तोवर मनाचा अभ्यास तत्त्वज्ञानाच्याच घरात होता. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं आणि देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहू लागले. मन म्हणजे काय, जाणीव म्हणजे काय, हे प्रश्न खान्देशाला नवीन नाहीत हे मुलांना सांगताना मला फार बरं वाटतं.

बाणांचा दृष्टिभ्रम तुम्ही पहिल्याच वर्षी करता. सारख्या लांबीच्या दोन रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी लांब वाटते. म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये हा भ्रम मांडला. पुढे १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतले लोक या भ्रमाला जास्त फसले आणि कालाहारीच्या वाळवंटातले सान लोक जवळपास फसलेच नाहीत. चौकोनी खोल्या, कोपरे, सरळ कडा यांत वाढलेल्या डोळ्याला तशी सवय लागते, असं एक स्पष्टीकरण त्यांनी दिलं. त्यावर वाद आहेत. पण साध्या दोन रेघांबाबतही सगळी माणसं सारखी नसतील, तर बुद्धी आणि भावनांबाबत किती सावध राहायला हवं.

बुद्धिमापनात हे फार जपावं लागतं. एकदा वरिष्ठांबरोबर मदतनीस म्हणून मी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत गेले होते. एक मुलगा मराठी शब्दांच्या प्रश्नांना काही केल्या तोंड उघडेना. शाळेने त्याला 'मंद' म्हणून पाठवलं होतं. मग रंगीत ठोकळे समोर ठेवले, ज्यांच्या बाजू जुळवून कार्डावरची नक्षी तयार करायची असते. त्याने कार्डाकडे एकदा पाहिलं, ठोकळे उचलले आणि हात न थांबवता नक्षी जुळवली. पुढची जुळवली. त्याच्या पुढचीही. त्याची घरची भाषा पावरी होती, प्रश्न मराठीत होते, एवढंच काय ते होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचीही बुद्धी मोजता यावी म्हणून चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये कृतीच्या पाच चाचण्यांचा संच भारतासाठी तयार केला, त्यात हे ठोकळे आहेत. बिने यांच्या चाचणीचं कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी केलेलं रूपांतर त्याहूनही जुनं आहे. ही नावं परीक्षेपुरती पाठ करू नका.

सायकॉलॉजिस्ट आणि सायकिअॅट्रिस्ट यांत फरक काय?

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा आधी एमबीबीएस डॉक्टर असतो, पुढे मनोविकारशास्त्रात शिकलेला. औषध तोच लिहू शकतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या करतो, बोलण्यातून उपचार करतो, औषध देत नाही.

बी.ए. झालं की समुपदेशन केंद्र टाकता येईल का?

कृपया टाकू नका.

बी.ए.मध्ये तुम्हाला विषयाची ओळख होते, माणसावर उपचार करायचं प्रशिक्षण मिळत नाही. समुपदेशक व्हायचं तर निदान एम.ए. किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, समुपदेशनाचं वेगळं प्रशिक्षण आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नाव लावायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली. एम.ए. नंतर परिषदेची मान्यता असलेली दोन वर्षांची एम.फिल. हा या नोंदणीचा आजवरचा नेहमीचा मार्ग होता. एम.फिल. आता बंद होत आली आहे आणि तिच्या जागी दुसरे अभ्यासक्रम येत आहेत, म्हणून तुमची वेळ येईल तेव्हा परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघूनच अर्ज करा. जागा फार थोड्या असतात. म्हणजे बारावीपासून सात-आठ वर्षांचा हिशेब धरून चला. घरच्यांनाही हा आकडा आधीच सांगा, नंतर भांडणं होत नाहीत.

दोन दिवसांची कार्यशाळा, संमोहनाचं प्रमाणपत्र, 'सर्टिफाइड थेरपिस्ट' अशा जाहिराती मोबाइलवर दिसतील. मीसुद्धा पदवीनंतर एकदा अशा ठिकाणी आईने साठवलेले पैसे भरून बसले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छान रंगीत प्रमाणपत्र मिळालं आणि त्यानंतर आठवड्याभरात गावातल्या एका मुलीने मला तिच्या घरात काय चाललंय ते सांगितलं. मला काय बोलावं ते सुचलं नाही. ज्या दोन दिवसांचे मी पैसे भरले होते त्यांत असल्या प्रसंगाचा एक शब्दही नव्हता. त्या मुलीला मी योग्य जागी नेऊ शकले ते एका जुन्या प्राध्यापिकेला फोन केला म्हणून.

मग नोकरी कुठे? मुलीच्या वडिलांना हेच विचारायचं असतं.

वडिलांनी विचारावंच. नुसत्या बी.ए.वर 'मानसशास्त्रज्ञ' नावाची नोकरी मिळत नाही. इतर पदवीधरांना जे खुलं आहे ते सगळं खुलं असतं, म्हणजे स्पर्धा परीक्षा, बँक, बी.एड., एमआयडीसीतल्या कारखान्यांचे मनुष्यबळ विभाग. यूपीएससीला मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. विशेष मुलांना शिकवायची ओढ असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड. करा. अशा शिक्षकांची तालुक्याच्या गावांत फार गरज आहे.

एम.ए. नंतर वाटा वाढतात. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठीची मैत्री क्लिनिकं, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, महिलांसाठीची सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांचे भरोसा सेल, बालगृहं, व्यसनमुक्ती केंद्रं. यातल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो आणि नूतनीकरणाची वाट बघावी लागते. हे मी गोड करून सांगणार नाही. कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट लागतं.

गरज मात्र डोळ्यांसमोर आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शिवेला लागून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. विकार असलेल्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. तिथवर माणूस पोचवणारं, त्याच्या भाषेत बोलणारं कुणी गावात हवं असतं.

घरी शेती बघून मुक्त विद्यापीठातून बाहेरून करता येईल का?

आता नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवीन प्रवेश द्यायला मनाई केली आहे. आरोग्यसेवेशी जोडलेल्या विषयांसाठी २०२१ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या यादीत मानसशास्त्र येतं म्हणून. कुणी "बाहेरून करून देतो" म्हणत पैसे मागत असेल तर देऊ नका.

खर्च किती येतो?

अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी इतर विषयांसारखीच असते, वर प्रयोगशाळेचं थोडं शुल्क. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकाल लागायच्या आतच काढून ठेवा, जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर रांग असते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे, तिची चौकशी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात करा.

मला स्वतःलाच मनाचा त्रास आहे. म्हणून हा विषय घ्यायचा आहे. चालेल?

चालेल. पण अभ्यासक्रम हा उपचार नव्हे. विकारांचा पेपर वाचताना ज्यांना काही त्रास नाही त्यांनासुद्धा प्रत्येक पानावर आपलीच लक्षणं दिसायला लागतात. ज्याला खरंच त्रास आहे त्याला ते पान जास्त जड जातं. आधी किंवा सोबत उपचार घ्या आणि विषयही शिका, दोन्ही होऊ शकतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हे पान इथेच सोडा आणि आधी तो नंबर लावा, किंवा घरातल्या एका माणसाला आत्ता जवळ बोलवा.

गावात कळलं की लोक लगेच अडचणी घेऊन येतात. काय करायचं?

येणारच. आणि तुम्ही पहिल्या वर्षात असाल तरी येतील. ऐका. सल्ला देऊ नका, रोगाचं नाव तर अजिबात घेऊ नका. जे ऐकलं ते घरी आईलाही सांगू नका. शहरात समुपदेशक आणि माणूस पुन्हा भेटत नाहीत. आपल्याकडे तीच बाई संध्याकाळी हापशावर भेटते आणि तिची जाऊ तुमची चुलत मावशी असते. एकदा गोष्ट फुटली की त्या गल्लीतून पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. नात्यातल्या माणसाचं समुपदेशन आपण स्वतः करायचं नसतं, हा नियम गावात पाळायला फार अवघड आहे, कारण सगळेच नात्यातले. तरी पाळा.

आणि भगताशी भांडू नका. "बाहेरचं आहे" म्हणून घरचे उतारा टाकून आले असतील तर त्यांना अडाणी म्हणून काही साधत नाही. मारहाण, चटके, साखळीने बांधणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि गप्प बसायचं नाही. एरवी मी इतकंच म्हणते, "ते करा, त्याला माझी ना नाही. सोबत डॉक्टरांनाही दाखवू."

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या सुनेबाबत असंच झालं. बाळंतपणानंतर दीड महिना ती बाळाला जवळ घेईना. कानबाई, म्हणजे आपल्याकडचा श्रावणातला देवीचा उत्सव, झाल्या की बरं वाटेल, असं घरात ठरलं होतं. कानबाईचं विसर्जन झालं, सोमवार गेला. मंगळवारी काकू स्वतःच दारात आल्या आणि म्हणाल्या, "तू कोठे लई जासी म्हणे, चाल." आम्ही साडेआठची एसटी धरली. काकू बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी, सून मधे, मी कडेला. जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टर मॅडमनी सुनेला आत बोलावलं तेव्हा ती माझ्याकडे पाहत उठली. मी आत गेले नाही. बाहेरच्या बाकावर काकूंच्या शेजारी बसले आणि बाळाला घेतलं.